हुकूम न चालणाऱ्या तीन खुर्च्या

जून १९६८. लंडनमधल्या बीबीसीच्या एका कार्यक्रमात मार्सेल द्यूशाँ आले आहेत. वय वर्षं ऐंशी. हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९१७ साली पुरुषांच्या मुतारीतलं चिनीमातीचं भांडं 'फाउंटन' या नावाने कलाप्रदर्शनाला पाठवलं आणि कला म्हणजे काय, हा वाद शतकभर पेटता ठेवला. समोर प्रश्न विचारायला बसली आहे पस्तीस वर्षांची एक तरुणी. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांत द्यूशाँ वारले.

जानेवारी २०११. ब्रिटिश संसदेचं वरिष्ठ सभागृह, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स. लाल झगा, त्यावर पांढऱ्या फरची किनार, दोन्ही बाजूंना दोन जुने सदस्य, आणि मध्ये शपथ घ्यायला आलेली सत्त्याहत्तर वर्षांची एक बाई.

२०१३. लंडनच्या ब्लूम्सबरी भागातलं बर्कबेक. एकशे नव्वद वर्षं जुनं हे महाविद्यालय. शहरातली ऑफिसं सुटली की इथले वर्ग भरतात. त्याच्या अध्यक्षपदी नेमणूक होते, तीही एका बाईंची.

या तिघी म्हणजे एकच व्यक्ती: जोन बेकवेल. जन्म १६ एप्रिल १९३३. पेशा निवेदिकेचा, मुलाखतकाराचा. प्राध्यापकी हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता आणि संसदेत त्या पोहोचल्या त्या मतपेटीतून नव्हे. मग टीव्हीवर प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या हाती देशाचे कायदे तपासायचं काम आणि एका महाविद्यालयाचं सर्वोच्च मानाचं पद कसं आलं? या प्रश्नाच्या मागे लागलं की तीन विलक्षण ब्रिटिश संस्थांच्या पोटात शिरावं लागतं, आणि दिसतं ते असं की वरवर इतक्या वेगळ्या वाटणाऱ्या या तीन खुर्च्यांची घडण एकसारखी आहे.

सुरुवात स्टॉकपोर्टपासून करू. मँचेस्टरला खेटून असलेलं, तेव्हा फेल्टच्या हॅट बनवणारं हे कारखान्यांचं गाव. बेकवेल यांच्या आजोबांची पिढी कारखान्यात राबलेली. गावातल्या मुलींच्या शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून ही मुलगी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात दाखल झाली. न्यूनमची स्थापना १८७१ची. म्हणजे मुली केंब्रिजात येऊन ऐंशी वर्षं होत आली होती. पण त्यांतली पहिली सत्त्याहत्तर वर्षं विद्यापीठ मुलींना पूर्ण पदवी देतच नव्हतं. व्याख्यानं ऐका, परीक्षा द्या, पहिल्या या. पण विद्यापीठाच्या पूर्ण सदस्यत्वाचा हक्क नाही. तो मिळाला १९४८ साली. स्टॉकपोर्टची ही मुलगी तिथे पोहोचली तेव्हा त्या निर्णयाची शाई नुकती वाळत होती. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढेही त्यांच्या वाटेवरची बरीच दारं त्या येण्याच्या थोडीच आधी किलकिली झालेली दिसतात.

केंब्रिजनंतर बीबीसी रेडिओत त्या लागल्या त्या स्टुडिओ मॅनेजर म्हणून. नाव भारदस्त असलं तरी काम काचेच्या पलीकडे बसून आवाजाचा समतोल राखण्याचं आणि ध्वनिपरिणाम साधण्याचं. मधल्या काळात जाहिरातींचा मजकूरही लिहून झाला. माइकसमोर, मग कॅमेऱ्यासमोर यायला वेळ लागला, कारण त्या काळी बाईने टीव्हीवर काय बोलावं याची मर्यादा घट्ट आखलेली होती. १९६० साली बीबीसीने नॅन विंटन यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या आणि त्यांना हटवण्यात आलं. बाईच्या तोंडून आलेली गंभीर बातमी लोकांना खरी वाटणार नाही, असं मानणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती. बीबीसी टीव्हीवर नियमित बातम्या वाचणारी स्त्री दिसायला १९७५ साल उजाडलं. त्या अँजेला रिपन. या दोन तारखांच्या मधल्या पंधरा वर्षांत बेकवेल टीव्हीवर घडल्या. बातम्यांचं मुख्य दार बंद असताना त्या शिरल्या रात्री उशिरा उघडणाऱ्या बाजूच्या दाराने.

ते दार म्हणजे बीबीसी टू. या वाहिनीचा जन्मच गमतीशीर. २० एप्रिल १९६४च्या संध्याकाळी थाटात उद्घाटन ठरलेलं, आणि नेमकी बॅटरसीच्या वीजकेंद्रात आग लागली. पश्चिम लंडन अंधारात, टेलिव्हिजन सेंटर अंधारात, उद्घाटन बारगळलं. दुसऱ्या दिवशी वाहिनी सुरू झाली ती लहान मुलांच्या कार्यक्रमाने. संध्याकाळी निवेदक डेनिस टूई पडद्यावर आले ते काळोखात, पेटलेली मेणबत्ती समोर ठेवून. ती त्यांनी फुंकली आणि मग कार्यक्रम सुरू केला. स्वतःच्या फजितीवर इतक्या मोकळेपणाने हसणारी वाहिनी! १९६५ ते १९६९ या काळात तिचे प्रमुख होते डेव्हिड अ‍ॅटनबरो. जंगलातले प्राणी दाखवणारे म्हणून आपण ओळखतो, तेच. १ जुलै १९६७ला विम्बल्डनच्या सामन्यांपासून याच वाहिनीने ब्रिटनला रंगीत चित्रं दाखवायला सुरुवात केली.

या वाहिनीवर दिवसाचा शेवटचा कार्यक्रम असे 'लेट नाइट लाइन-अप'. १९६५मध्ये बेकवेल त्यात दाखल झाल्या आणि १९७२मध्ये तो बंद होईपर्यंत राहिल्या. त्याची सगळ्यात मोठी चैन म्हणजे त्याला शेवटाची वेळच ठरलेली नव्हती. नंतर दाखवायचं काहीच नसे, त्यामुळे गप्पा रंगल्या तर रंगू द्यायच्या. चित्रकार, नाटककार, संगीतकार, तत्त्वज्ञ येत आणि थेट प्रक्षेपणात बोलत. आणखी एक गंमत अशी की त्याच संध्याकाळी बीबीसीने दाखवलेल्या कार्यक्रमांची चिरफाडही इथेच चाले. घरच्याच ओसरीवर बसून घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची मुभा होती म्हणा ना. वरिष्ठांना ते झोंबायचं, पण कार्यक्रम चालू राहिला. त्याचे संपादक रोवन एअर्स यांनी पुढे १९७३मध्ये 'ओपन डोअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात सामान्य नागरिकांच्या गटांना बीबीसीचा वेळ आणि त्या वेळात काय सांगायचं हे ठरवण्याचा अधिकार, दोन्ही देण्यात आले. ज्या घरात बेकवेल यांचं कसब तयार झालं ते हे. तिथे निवेदक मालक नव्हता. माइक दुसऱ्याच्या हाती देणं हेच त्याचं काम होतं.

मुलाखत घेणं ही कला वरून दिसते त्याहून अवघड. मुलाखतकाराच्या हाती सत्ता काहीच नसते. समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडता येत नाही. खोटं बोलला तर शिक्षा करता येत नाही. हाती असतात फक्त तीन गोष्टी: प्रश्न, त्यानंतरची शांतता, आणि पलीकडे ऐकत बसलेली माणसं. द्यूशाँसारखा आयुष्यभर प्रश्न टोलवत आलेला माणूस समोर असला तर सगळी मदार या तिन्हींवरच. प्रश्नाचा वापर आपली हुशारी मिरवायला केला की समोरचा मिटतो. आपलं अज्ञान न लाजता पुढे केलं की तो खुलतो. द्यूशाँची ती मुलाखत आजही पाहायला मिळते हे नशीबच, कारण त्या काळी टेप महाग असत आणि पुन्हा वापरण्यासाठी पुसल्या जात. 'लेट नाइट लाइन-अप'चे कितीतरी भाग असेच कायमचे नाहीसे झाले.

त्या काळाने बेकवेल यांना एक विशेषणही चिकटवलं. विनोदी लेखक फ्रँक म्यूर यांनी त्यांचं वर्णन केलं ते विचारी पुरुषांच्या डोळ्यांना मिळणारा खाऊ अशा अर्थाचं. चावट शब्द भराभर पसरतात. हा पुढची पन्नास वर्षं त्यांच्या नावाआधी लागत राहिला. बाई बुद्धिमान आहे हे कबूल करायचं, पण ती पुरुषांच्या नजरेतूनच पाहायची, अशी त्यात दुहेरी चलाखी होती. खासगी आयुष्याचंही तसंच झालं. साठच्या दशकात नाटककार हॅरल्ड पिंटर यांच्याशी त्यांचे सात वर्षं प्रेमसंबंध होते. पिंटर यांनी १९७८मध्ये त्यावर 'बिट्रेयल' हे नाटक लिहिलं आणि ते जगभर गाजलं. इतरांना आयुष्यभर बोलतं करणाऱ्या बाईची गोष्ट रंगमंचावर सांगितली ती दुसऱ्यानेच. बेकवेल यांनी आपल्या बाजूने लिहिलेलं 'कीपिंग इन टच' हे नाटक रेडिओवर आलं २०१७मध्ये. मधे जवळजवळ चाळीस वर्षं लोटली होती.

१९८८ ते २००० अशी बारा वर्षं त्यांनी बीबीसी वनवर 'हार्ट ऑफ द मॅटर' हा कार्यक्रम चालवला. विषय नीती-अनीतीचे, श्रद्धेचे, ज्यांना एका वाक्यात उत्तर नसतं असे. रविवारी रात्री उशिरा दोन टोकांची माणसं समोर बसवायची आणि भांडण न लावता मतभेद उलगडायचे, हे त्यांचं काम. त्यानंतर २००१मध्ये 'टॅबू' या मालिकेत त्यांनी अश्लीलता आणि सेन्सॉरशिप यांच्या सीमारेषा तपासल्या. त्या ओघात जेम्स कर्कप यांच्या एका कवितेचा काही भाग त्यांनी वाचून दाखवला. याच कवितेवरून सत्तरच्या दशकात एका नियतकालिकाला ईशनिंदेच्या खटल्यात शिक्षा झाली होती. त्यामुळे बेकवेल यांच्याविरुद्धही तक्रार झाली आणि खटल्याची चर्चा सुरू झाली. तो झाला मात्र नाही. पुढे २००८मध्ये संसदेने इंग्लंड आणि वेल्समधला ईशनिंदेचा गुन्हाच रद्द केला. ज्या कायद्याच्या कचाट्यात बेकवेल सापडू शकल्या असत्या तो कायदा संपला, आणि तीनच वर्षांत त्या स्वतः कायदे तपासणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसल्या.

मधली पायरी होती वयाची. २००८च्या नोव्हेंबरमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने त्यांना एक नवंच काम दिलं: वृद्धांचा आवाज. त्या तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. ना खातं, ना आदेश काढायचा अधिकार. देशभरातल्या वृद्धांचं म्हणणं ऐकायचं आणि ते मंत्र्यांच्या कानावर घालायचं, एवढंच. म्हणजे पुन्हा मुलाखतकारच; या वेळी समोर द्यूशाँच्या जागी एकाकी राहणारे, निवृत्तिवेतनात भागवणारे लोक होते. त्या वेळी ब्रिटनमध्ये पासष्टी गाठली की मालकाला कामगाराला सक्तीने निवृत्त करता येत असे. तो नियम २०११मध्ये गेला. त्याच वर्षी जानेवारीत टीव्ही निवेदिका मिरियम ओ'रायली यांनी वयावरून डावलल्याबद्दल बीबीसीविरुद्ध रोजगार न्यायाधिकरणात दावा जिंकला. पन्नाशी ओलांडलेली बाई पडद्यावरून हळूच दिसेनाशी होते, हे सगळ्यांना माहीत होतं. न्यायाधिकरणाच्या निकालात ते पहिल्यांदा इतकं ठळकपणे आलं. आणि योगायोग असा की त्याच महिन्यात सत्त्याहत्तर वर्षांच्या बेकवेल स्टॉकपोर्टच्या बॅरोनेस, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य झाल्या.

आता हे लॉर्ड्स प्रकरण. निवडून न येता संसदेत बसायचं, याचं आपल्याला आश्चर्य वाटतं, पण ते अगदीच परकं नाही. आपल्या राज्यसभेतही राष्ट्रपतींनी नेमलेले बारा सदस्य असतात. कला, साहित्य, विज्ञान, समाजसेवेतले. लता मंगेशकर अशाच १९९९मध्ये तिथे गेल्या. फरक इतकाच की आपल्याकडे बारा आणि सहा वर्षांसाठी. तिकडे शेकडो आणि तहहयात. पूर्वी ती सभा वंशपरंपरेने आलेल्या सरदारांची आणि धर्मगुरूंची. १९५८च्या कायद्याने पंतप्रधानाच्या शिफारशीवरून कुणालाही आयुष्यभरासाठी उमराव करायची सोय झाली, आणि त्याच कायद्याने त्या सभागृहात पहिल्यांदा स्त्रिया बसल्या. म्हणजे बेकवेल केंब्रिजमधून बाहेर पडल्या तेव्हा ज्या सभागृहात एकही स्त्री नव्हती, तिथे त्या पुढे सदस्य झाल्या. पगार नाही, हजर राहिल्यास दिवसाचा ठरावीक भत्ता, २०१०मध्ये ठरला तेव्हा तीनशे पौंड.

नावाचीही गंमत आहे. एका उमरावाची पदवी दुसऱ्यासारखी असून चालत नाही. २०१३मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या कॅथी बेकवेल त्याच सभागृहात आल्या, तेव्हा बॅरोनेस बेकवेल हे नाव आधीच गेलेलं. म्हणून त्या झाल्या हार्डिंग्टन मॅन्डेव्हिलच्या बॅरोनेस बेकवेल. प्रत्येक वेळी गावाचं नाव घेऊनच त्यांचा उल्लेख करावा लागतो.

या सभागृहाकडे ताकद किती? विचाराल तर फार थोडी. १९११ आणि १९४९च्या कायद्यांनंतर लॉर्ड्सना एखादा कायदा साधारण वर्षभर अडवून धरता येतो. पैशाशी संबंधित विधेयक तर महिनाभरच. शेवटचा शब्द निवडून आलेल्या कॉमन्स सभेचा. मग लॉर्ड्स करतात काय? कलम न् कलम वाचतात, चुका दाखवतात, दुरुस्त्या सुचवतात, आणि प्रश्न विचारतात. कामकाजाच्या सुरुवातीला मंत्र्यांना तोंडी प्रश्न विचारायचा ठरलेला वेळ असतो. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एकाच साच्यात: महाराणीच्या, आता महाराजांच्या सरकारला विचारण्यात येतं की... मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं, आणि मग इतर सदस्य उपप्रश्नांची फैर झाडतात. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे तिथल्या सभापतींना कॉमन्सच्या सभापतींसारखं कुणाला बोलायला पुकारायचा किंवा गप्प बसवायचा अधिकार नाही. दोघं एकदम उठले तर कुणी बसायचं हे सभागृह आपापसात ठरवतं. शिस्त सभ्यतेवर टिकलेली.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं थेट प्रक्षेपणात माणसं बोलती करणाऱ्या बाईला ही जागा परकी वाटायचं कारणच नव्हतं. प्रश्न नेमका कसा करायचा, उत्तर टाळलं जातंय हे कुठे ओळखायचं, दुसरा बोलत असताना आपण कधी थांबायचं, हे सगळं त्या आधीच शिकून आल्या होत्या. फरक पडला तो एवढाच की टीव्हीवर पाहुणा उत्तर टाळू शकत होता. इथे टाळलेलं उत्तरही संसदेच्या छापील अहवालात कायमचं नोंदलं जातं. इथली टेप कुणी पुसत नाही.

आणि मग बर्कबेक. या महाविद्यालयाची गोष्ट ऐकून तर मला लंडनचा हेवा वाटतो. १८२३च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्रँडवरच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळवजा मद्यालयात दोनेक हजार माणसं जमली. सभा बोलावली होती कामगारांना विज्ञान शिकवायची शाळा काढण्यासाठी. डॉक्टर जॉर्ज बर्कबेक यांनी याआधी ग्लासगोत कारागिरांना यंत्रांमागचं शास्त्र शिकवलं होतं. जी यंत्रं तुमचे हात घडवतात ती का चालतात हे तुम्हाला कळायला हवं, अशी त्यांची धारणा. २ डिसेंबरला लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन स्थापन झालं. प्रतिष्ठितांनी ओरड केली की मजुरांना शिकवणं म्हणजे समाजात विष पेरणं. तरीही १८३०मध्ये या संस्थेने बायकांना प्रवेश दिला. केंब्रिजने मुलींना पूर्ण पदवी देण्याच्या एकशे अठरा वर्षं आधी! वर्ग संध्याकाळी, कारण विद्यार्थी दिवसा कामावर. आजही बर्कबेकचे तास सहसा सहा ते नऊ असतात. १९२०मध्ये ते लंडन विद्यापीठाचा भाग झालं.

इथे संध्याकाळी शिकून गेलेल्यांची नावं वाचली की आपल्याकडच्या इतिहासाचे धागे हाताला लागतात. सिडनी वेब दिवसा कारकुनी करत आणि संध्याकाळी इथे शिकत. १८९५मध्ये ज्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उभं केलं त्या मंडळींत ते अग्रणी होते. त्याच संस्थेतून १९२३मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली. अ‍ॅनी बेझंट याच बर्कबेकच्या विद्यार्थिनी. त्यांची मतं इतकी जहाल की संस्थेच्या चालकांनी त्यांचा परीक्षेचा निकाल जाहीर करायलाही का-कू केली. पुढे त्यांनी १८९८मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढलं आणि १९१७मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. बेझंट यांनी लहानाचे मोठे केलेले जे. कृष्णमूर्ती यांच्याशी वर्षानुवर्षं संवाद केला तो डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाने. आणि बोम शिकवत होते तेही बर्कबेकमध्येच. डीएनएच्या रचनेचं गूढ उकलायला ज्यांच्या क्ष-किरण चित्राने वाट दाखवली त्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५३ ते १९५८ ही आयुष्याची शेवटची वर्षं इथेच विषाणूंच्या रचनेवर काम करण्यात घालवली.

बेकवेल यांच्याआधी अध्यक्षपदावर होते इतिहासकार एरिक हॉब्सबॉम. १९४७मध्ये ते बर्कबेकमध्ये शिकवायला लागले आणि २००२पासून ऑक्टोबर २०१२मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष राहिले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाचा इतिहास जगाला समजावून सांगणाऱ्या या विद्वानाच्या जागी टीव्हीवरची निवेदिका? वरवर हे विजोड वाटतं. पण बर्कबेकचा अध्यक्ष महाविद्यालय चालवत नाही. प्रवेश, नेमणुका, अंदाजपत्रक हे सगळं प्राचार्याचं काम. अध्यक्ष म्हणजे आपल्याकडच्या विद्यापीठाच्या कुलपतीसारखा; पदवीदान समारंभाचा यजमान आणि संस्थेचा चेहरा. तिथे आपली विद्वत्ता दाखवायची नसते. शिकणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष वळवायचं असतं. हे काम मुलाखतकाराइतकं कुणाला जमणार? बर्कबेकच्या पदवीदानाला मंचावर येतात ते विशीतले तरुण, आणि त्यांच्याबरोबर कामावरून थेट वर्गात येऊन काही वर्षं काढलेले बसचालक, परिचारिका, निवृत्त कारकून, नातवंडं असलेल्या आज्या. प्रत्येकाच्या मागे एक मुलाखत दडलेली.

बर्कबेकची गादी आणि लॉर्ड्समधलं बाक यांची गाठ पडते ती पैशाच्या प्रश्नावर. २००८मध्ये सरकारने नियम केला की आधी पदवी असलेला माणूस तेवढ्याच किंवा खालच्या पातळीचं दुसरं शिक्षण घेत असेल तर त्याच्यासाठी महाविद्यालयाला अनुदान नाही. हा नियम मजूर पक्षाच्या, म्हणजे बेकवेल यांच्याच पक्षाच्या सरकारचा. त्याचा फटका बसला तो नोकरी करता करता नवं शिकणाऱ्यांना, म्हणजे बर्कबेक आणि ओपन युनिव्हर्सिटी यांच्या विद्यार्थ्यांना. मग २०१२मध्ये इंग्लंडमधली विद्यापीठ शुल्काची कमाल मर्यादा वर्षाला नऊ हजार पौंडांवर गेली. पोरांनी कर्ज काढलं. पण घरभाडं, मुलांच्या शाळा सांभाळणारी चाळिशीतली माणसं मागे सरली. अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या काही वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर आली. लॉर्ड्समध्ये उच्च शिक्षणावर बोलताना आपला हितसंबंध आधी जाहीर करायची पद्धत आहे. बेकवेल बर्कबेकच्या अध्यक्ष असल्याचं सांगत आणि मग अर्धवेळ विद्यार्थ्यांची बाजू मांडत. एका खुर्चीतून समोर येणारी माणसं दुसऱ्या खुर्चीतून संसदेपर्यंत पोहोचत होती.

आणि तिसरी, मूळची खुर्ची? तीही सुटली नव्हती. त्याच २०१३पासून स्काय आर्ट्स वाहिनीवर त्या चित्रकारांच्या एका स्पर्धेचं सूत्रसंचालन करू लागल्या. चार तासांत समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र रंगवायचं, अशी ती स्पर्धा. ऐंशीच्या घरातल्या बेकवेल स्टुडिओत चित्रकारांच्या खांद्यावरून डोकावत विचारत की हा रंग इथे का. रेडिओवर मृत्यूबद्दल मोकळेपणाने बोलायची मालिका केली. २०१९मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीची फेलोशिप, म्हणजे तिचा सर्वोच्च सन्मान, त्यांना मिळाला. २०२१च्या सुरुवातीला, सत्त्याऐंशीव्या वर्षी, करोनाच्या लशीच्या दोन मात्रांमधलं अंतर सरकारने बारा आठवड्यांवर नेलं तेव्हा त्याला न्यायालयीन आव्हान देण्यासाठी त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायला सुरुवात केली. प्रश्न विचारायची सवय म्हणजे सवय.

आता या तीन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून पाहा. टीव्हीच्या निवेदकाला पाहुण्यावर हुकूम चालवता येत नाही. लॉर्ड्सच्या सदस्याला सरकारवर हुकूम चालवता येत नाही. बर्कबेकच्या अध्यक्षाला प्राध्यापकांवर हुकूम चालवता येत नाही. तिन्ही ठिकाणी कायद्याने दिलेली सत्ता नगण्य, आणि तरीही तिथून बोललेला शब्द ऐकला जातो, कारण तिथे बसलेलं माणूस सगळ्यांच्या वतीने विचारतं आहे असं लोकांना वाटतं. सत्तेच्या गोष्टी आपण आदेश देणाऱ्यांच्या सांगतो. विचारणाऱ्यांचं करिअर असं कुणाच्या मोजमापात बसत नाही. म्हणूनच ते इतकी वळणं घेऊ शकलं, आणि प्रत्येक वळणावर कसब तेच राहिलं.

पण अशा खुर्च्यांवर बसायला लागणारं वजन वयाबरोबर येतं, आणि इथे इतिहासाने बेकवेल यांना एक तिरकस टोला दिला आहे. २०२४च्या निवडणुकीत मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात लॉर्ड्सच्या सदस्यांना निवृत्तीचं वय सुचवलं: ज्या संसदेच्या काळात सदस्य ऐंशीचा होईल ती संसद संपताना त्याने बाहेर पडावं. सभागृह फुगत चाललंय आणि अनेक सदस्य कधी फिरकतच नाहीत, ही तक्रार खरीच आहे. पण हा नियम २०११मध्ये असता, तर वृद्धांचा आवाज म्हणून जिची निवड झाली ती बाई चारच वर्षांत, २०१५ला, सभागृहाबाहेर असती. आणि अर्धवेळ शिकणाऱ्यांसाठी तिथे उभं राहायला बर्कबेकची अध्यक्षच नसती. वृद्धांसाठी कायदे करताना सभागृहात कुणी वृद्ध असावं की नाही, हा प्रश्न ब्रिटनला अजून सुटलेला नाही. तो मंत्र्याला उभा करून विचारायचाच असेल, तर ती पद्धत कशी असते ते बेकवेल यांनी साठ वर्षं दाखवून दिलेलं आहे.